चौरंग नेणारा चोर

ती काळी गाडी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातली निम्मी प्रकरणं विसरलो. हे विसरलो नाही. ठाण्यात सगळे म्हणत होते की तपास मी लावला. खोटं आहे ते. तपास माझ्या बायकोनं लावला, भाकरी थापता थापता. ती जाऊन आता सात महिने झाले. तिचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं शिक्षण दहावीत अडकलेलं. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन घरी आलो. भाषा जशी येईल तशी येईल. नावं कुणाचीच घेणार नाही.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. लातूर शहरातल्या एका ठाण्यात होतो. गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस होता. पोलीस ठाणं त्या दिवशी कसं असतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच ठाऊक. शिपाई बूट काढून बाकावर आडवे, कुणाच्या कानात गुलाल, ठाणे अंमलदार स्टेशन डायरीवर हात ठेवून पेंगतोय. त्यात अकराच्या सुमाराला एक कंत्राटदार आला. वय पस्तीस-छत्तीस, पांढरे बूट, कपाळाला भस्माची तीन बोटं. उदगीरपासून नांदेडपर्यंत रस्त्याची कामं करणारा माणूस.

"साहेब, माझी गाडी गेली."

"कुठली?"

त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. पेंगणारे चार जण उठून बघायला आले. काळी, चौकोनी, हत्तीच्या पिलाएवढी. चारही चाकांना ताकद. आमच्या मराठवाड्यात असल्या गाडीचं वेड लई. माणूस मागं, गाडी पुढं. लग्नात नवरा नंतर बघतात, आधी दारात कुठली गाडी उभी आहे ते बघतात. मलाही असल्या गाड्यांची आवड, खोटं कशाला बोलू. बंदोबस्तावर एखाद्या पुढाऱ्याची आली की सॅल्यूट ठोकताना माझी नजर चाकाकडं असायची.

पण नोकरीत एक गोष्ट पाहिली. ही गाडी नदी-नाल्यांसाठी, चिखलासाठी बनवलेली. आणि घेणारा माणूस तिला चिखल लागू देत नाही. गोलाईच्या गर्दीत वळायला जागा पुरत नाही, बायकोला बाजारात नेता येत नाही, आणि शेतात न्यायची म्हटलं की जीव वर-खाली. खिल्लारी बैल आणायचा आणि गोठ्यात बांधून नुसतं हळद-कुंकू लावायचं, तसला प्रकार. या कंत्राटदाराचं तेच. गाडीला वर्ष झालं तरी सीटवरचं प्लास्टिक काढलं नव्हतं.

हकीगत साधी होती. बायको-लेकरं उदगीरला माहेरी. हा आदल्या दिवशी भागीदाराच्या गाडीनं नांदेडला कामाला गेलेला. येणार होता संध्याकाळी, पण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी भेटणार नाही असं कळलं म्हणून सकाळीच परत फिरला. येऊन बघतो तर पोर्च रिकामं. एक किल्ली याच्या खिशात. दुसरी किल्ली आणि घराची चावी ड्रायव्हरकडं.

"फोनवर गाडी कुठं आहे ते दिसतं म्हणे असल्या गाड्यांत?" मी विचारलं.

"ती सोय चालूच नव्हती केली साहेब." मान खाली.

फिर्याद हातानंच लिहून घेतली. कॉम्प्युटरवर बसणारा शिपाई रात्रभर मिरवणुकीत उभा होता, त्याला दोन तास झोपू दिलं. म्हटलं दुपारी नोंदवू. कागद घडी करून खिशात घातला आणि पंचनाम्याला गेलो.

पोर्चमध्ये फुटलेली काच नाही, ओरखडा नाही. कोपऱ्यात सीटवरचं प्लास्टिक होतं. फाडलेलं नव्हतं. साडीसारखी घडी घालून, उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा ठेवलेला. मी पंचांकडं बघितलं, पंचांनी माझ्याकडं. घरात गेलो. कपाट बंद, दागिने जागेवर, टीव्ही जागेवर. कंत्राटदार देवघराच्या दारात थबकला.

"चौरंग न्हाई."

"कसला चौरंग?"

"सागवानी. माझ्या आईचा. सत्यनारायणाला लागतो."

मी पंचनाम्यात लिहिलं, 'देवघरातील सागवानी चौरंग एक नग'. ठाण्यात आल्यावर आमच्या मोठ्या साहेबांनी वाचलं आणि हसले. "काय हो, एवढी गाडी नेणारा चोर चौरंग कशाला नेईल?" मी म्हटलं, "चोर भाविक असावा साहेब." तेव्हा आम्ही दोघंही हसलो. तपासात जे हसण्यावारी नेतो तेच नेमकं गळ्याशी येतं, हे तीस वर्षांत कितीदा शिकलो आणि कितीदा विसरलो.

ड्रायव्हरला त्याच्या खोलीवरून आणलं. मुखेडकडचा माणूस, तिशीतला, हडकुळा. घरात दोन लेकरं. मी त्याला बाकावर बसवलं, चहा दिला. मारहाणीनं माणूस बोलतो, पण आपल्याला जे ऐकायचं तेच बोलतो. म्हणून मी आधी चहा देतो.

"किल्ली कुठं हाय?"

"खुंटीला लावली होती सायेब. सकाळी न्हाई."

"कुणी नेली?"

"मला म्हाईत न्हाई."

"घराची चावी तुझ्याजवळ. गाडीची किल्ली तुझ्याजवळ. कुलूप फुटलं नाही. आता तूच सांग, मी कुणाचं नाव लिहू?"

"माझं लिवा."

असलं उत्तर मी कधी ऐकलं नव्हतं. चोर आधी शपथा घालतो. लेकरांची, देवाची, माझ्या पायाची. हा एक शपथ घालत नव्हता. फक्त दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचा. कंत्राटदार समोर आला आणि ओरडला, "तुला घरातला मानला रं मी! कुणाला इकली गाडी?" ह्यानं परत घड्याळाकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं.

एकदा चोरीच्या गुन्ह्यात नाव आलं की ड्रायव्हर माणूस संपतो. पुढं निर्दोष सुटला तरी त्याच्या हातात कुणी किल्ली देत नाही. हे मला कळत होतं आणि त्यालाही. आणि तरी तो 'माझं लिवा' म्हणत होता.

बाराच्या पुढं खबर आली. औशाच्या पुढं रस्त्याकडंला चहाचं हॉटेल चालवणारा माझा जुना खबऱ्या, त्याला गाडीचं वर्णन कळवलं होतं. फोनवर म्हणाला, "फौजदार, तुमची काळी गाडी सकाळी हिकडून गेली. किल्लारीकडं."

"चालवणारा कसा होता?"

"माणूस दिसलाच न्हाई ओ. नुसता पटका दिसला. पांढरा पटका गाडी चालवायलाय असं वाटलं मला."

मोठ्या साहेबांनी लगेच हिशोब मांडला. ती वाट पुढं उमरग्याला, उमरग्यावरून कर्नाटकात. परराज्यातली टोळी, वेश बदलून. ते दोन गाड्या घेऊन उमरग्याच्या दिशेनं निघाले. मला म्हणाले, "याला बोलता करा. मी येईपर्यंत नाही बोलला तर अटक दाखवा."

जेवायला क्वार्टरवर गेलो. ठाण्याच्या मागंच होतं. बायको चुलीसारखी तापलेली, कारण आदल्या सकाळी निघालो ते तेव्हा उगवत होतो.

"आलं का सरकार? ताट वाढू का आधी पंचनामा करता?"

मी हात धुतले. भाकरी खाता खाता सगळं सांगितलं. मी तिला सगळं सांगायचो. नियमात बसत नाही, पण तिच्या पोटातली गोष्ट तिच्या आईलासुद्धा कधी कळली नाही. चौरंगाची गंमत सांगितली आणि 'चोर भाविक असावा' हेही सांगितलं. ती हसली नाही. तिचा हात परातीत थांबला.

"गाडी किती उंच हाय?"

"लई. तुला तर चढताच येणार नाही."

"मंग पोरीच्या लग्नात वऱ्हाडाच्या जीपमध्ये मी कशी चढले होते?"

मला आठवलं. तिचे गुडघे तेव्हापासूनच गेलेले. कुणीतरी नवरीचा पाट आणून तिच्या पायाखाली ठेवला होता, आणि त्यावरून व्याहीणबाई दोन दिवस बोलत होती.

"अवो, चोर कसला घेऊन बसलाव," ती म्हणाली. "कुण्या तरी म्हातारीला चढवली त्या गाडीत. प्लास्टिकवरनं घसरती म्हणून ते काढलं. पाय पुरंना म्हणून चौरंग घेतला. अन् चालवणाऱ्याला पटका. ज्याची गाडी गेली त्याला आई हाय का?"

मी डाव्या हातानं खिशातला फिर्यादीचा कागद काढून आईबापाचं गाव बघितलं.

"हाय. किल्लारीकडं गावी."

"अन् आज काय हाय?"

अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस. आमच्या भागात या दिवसाला भूकंपाशिवाय दुसरं नाव लागत नाही. त्र्याण्णव साली मी तरुण शिपाई होतो. विसर्जनाचा बंदोबस्त संपवून पाठ टेकली आणि पहाटे जमीन हलली. पुढचे पंधरा दिवस किल्लारीच्या बाजूला ढिगाऱ्यावर ड्युटी केली. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. ती नवी वस्तीची गावं तुम्ही बघितली असतील, सरळ रस्ते, एकसारखी घरं. जुनी गावं मागं तशीच पडली, बाभळीत.

ताट तसंच सोडून ठाण्यात आलो. ड्रायव्हरपुढं बसलो आणि एकच विचारलं.

"माय चालती का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हुंदका फुटला त्याला.

सगळं बाहेर आलं. कंत्राटदाराची धाकटी बहीण भूकंपात गेली होती, सहा वर्षांची. यांच्या समाजात माणूस पुरतात. जुन्या गावाच्या कडंला यांच्याच शेतात पोरीला ठेवलं होतं. दरवर्षी तिथीला म्हातारी तिथं जायची, शेंगाची पोळी आणि दूध घेऊन. एक वर्ष चुकलं नव्हतं. या वर्षी उन्हाळ्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. चालणं बंद. शेतापर्यंत सडक नाही, काळं रान, परतीच्या पावसानं नुसता चिखल-गारा. मोटरसायकल जात नाही. बैल विकलेले. ट्रॅक्टरवर एकदा बसवून बघितलं तर पहिल्याच गचक्याला म्हातारी किंचाळली.

"शेठचे वडील, आबा, मला म्हणले," ड्रायव्हर सांगू लागला, "चिखलात ट्रॅक्टर चालतंय पण म्हातारीला चालत न्हाई. कार म्हातारीला चालती पण चिखलात चालत न्हाई. दोन्हीला चालंल आशी एकच गाडी हाय अन् ती पोराच्या पोर्चमधी प्लास्टिक घालून उभी हाय."

"मालकाला नाही विचारलं?"

"इचारलं की. शेठ म्हणले, पुढच्या वर्षी तिकडं सडक होणार हाय, तवा जाऊ. गाडी चिखलात घालायची न्हाई म्हणले. म्हातारी भिताडाकडं तोंड करून निजली सायेब. म्हणून आबाला दोन आयतवार खडी मशीनच्या मागं मैदानात शिकवली गाडी. आज सकाळी पयल्या यष्टीनं आले. म्या किल्ली दिली, देवघरातला चौरंग बी काढून दिला. दिवस मावळायच्या आत परत आणतो म्हणले."

"मग सकाळीच सांगायचं होतंस रे!"

"सांगितलं आसतं तर शेठनं फोन करून वाटंतच आडवलं आसतं. माय पोचली नसती."

मी घड्याळाकडं बघितलं. दीड वाजला होता. वायरलेसवर एक शब्द टाकला असता तर तिथल्या ठाण्याची गाडी पंधरा मिनिटांत त्या शेताच्या वाटेवर उभी राहिली असती. नियम तोच होता. मी वायरलेस उचलला नाही. आधी ड्रायव्हरला आणखी एक चहा सांगितला, मग मीही घेतला, सावकाश. ही नोंद स्टेशन डायरीत नाही. आता लिहितो, काय करायचं ते करा.

मग मोठ्या साहेबांना फोन लावला. म्हटलं, घरगुती भानगड दिसतेय, उमरगा सोडा. कंत्राटदाराला जीपमध्ये घेतलं. वाटेत सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. औसा गेलं. किल्लारीच्या जवळ आल्यावर म्हणाला, "मी अकरा वर्षांचा होतो. तवापासून त्या शेतात गेलो न्हाई."

का, ते मी विचारलं नाही. त्या बाजूच्या माणसाला ते विचारत नसतात.

डांबरी सोडली, गाडीवाट धरली आणि दोनशे पावलांवर आमची सरकारी जीप गाऱ्यात बसली. अशी बसली की एका बाजूचं दार उघडेना. शिपाई खाली उतरला तो गुडघाभर. त्या वाटेनं पुढं रुंद चाकांचे दोन ओळींचे ठसे मात्र सरळ गेलेले, कुठं घसरल्याची खूण नाही. आम्ही ढकललं, दगड टाकले, शिव्या घातल्या. कंत्राटदाराचे पांढरे बूट गेले ते गेलेच.

एवढ्यात समोरून आवाज आला. बाभळीतून ती काळी गाडी आली. चिखलानं माखलेली, काचेवर शेण, पुढं तुरीची दोन झाडं अडकलेली, आणि स्टेअरिंगच्या वर पांढरा पटका. गोठ्यातून सुटलेल्या बैलासारखी दिसत होती. त्या दिवशी पहिल्यांदा ती मला गाडी वाटली. म्हातारा खाली उतरला, बुटका, धोतर वर खोचलेलं.

"फौजदार, दोर हाय का?"

"आबा, तुम्ही या गुन्ह्यातले आरोपी आहात."

"आसंल. पर दोर हाय का?"

दोर होता. चोरीच्या मुद्देमालानं पोलिसांची जीप ओढून काढली. असा प्रकार माझ्या नोकरीत दुसरा नाही. जीप बाहेर आली तसा म्हातारा हात झटकत मला म्हणाला, "लई ताकद हाय हिच्यात. फकस्त क्लच न्हाई, डाव्या पायाला काम न्हाई. झोप लागली बगा त्याला."

मग तो पोराकडं वळला.

"सरका आबा. मी चालवतो," पोरगं म्हणालं.

"चिखलात येती का चालवाया?"

"न्हाई."

"मंग बस गप मागं."

बसला. मीही बसलो. काय सांगू, ढेकळांतून, पाण्यातून गाडी गेली, पण पोटातलं पाणी हाललं नाही. पांढऱ्या सीटवर आमच्या पँटीचा चिखल. कंत्राटदारानं त्याकडं बघितलंसुद्धा नाही.

लिंबाच्या झाडाखाली म्हातारी बसलेली होती, चौरंगावर. खाली बसता येत नाही म्हणून. चौरंगाचे पाय मातीत रुतलेले. समोर चार दगड रचलेले, त्यावर दूध, पोळीचा तुकडा. पोराला बघून ती दचकली नाही.

"आलास व्हय," म्हणाली. "ये. बस हितं."

तो तिच्या पायाशी मातीत बसला.

"तुझी गाडी लई मऊ हाय रं. हाडाला कळलं बी न्हाई." मग दगडांकडं बघत म्हणाली, "तिला सांगितलं मी. म्हणलं, यंदा मला येता येत नव्हतं, तुझ्या भावानं गाडी पाठवून दिली."

त्यानं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. म्हातारी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हाताऱ्यानं पोळीचा अर्धा तुकडा मला दिला, अर्धा शिपायाला. आम्ही झाडाच्या पलीकडं जाऊन खाल्ला.

निघताना कंत्राटदारानं विचारलं, "साहेब, फिर्यादीचं काय?"

मी खिशातून कागद काढून त्याच्या हातात दिला. "तुमची आहे. तुम्ही बघा."

म्हाताऱ्यानं म्हातारीला उभं धरलं, पोरानं चौरंग उपटला आणि त्या कागदानं त्याचे चारही पाय पुसले. मग गाडीच्या दाराशी ठेवला आणि आईचा दंड धरला.

संध्याकाळी ठाण्यात आलो तेव्हा ड्रायव्हर बाकावरून उठला. पहिला शब्द, "माय पोचली का?"

मी म्हटलं, पोचली. मालक त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. म्हणाला, "उद्या गाडी धुऊ नको. दोन दिवस राहू दे तशीच."

रात्री घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाली, "अन् मला कवा बसवता तसल्या गाडीत?" मी म्हटलं, सरकारी जीपमध्ये तर बसवलं नाही, तसल्या गाडीत कुठून बसवू. मी हसलो. सगळ्या नोकरीत तिला एकदाही सरकारी जीपमध्ये बसवलं नव्हतं. नियम म्हणजे नियम. दवाखान्यातसुद्धा ऑटोनं नेलं. याचा मला तेव्हा अभिमान होता.

गेल्या वर्षी ती आजारी पडली, पोटाचा आजार. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तिला एकदा माहेरी जायचं होतं, मुखेडच्या पुढं, ओढ्यापलीकडची वस्ती. मी कुणाला काही बोललो नव्हतो. पण ड्रायव्हर त्याच मुलखातला, त्याला कळलं असावं. एका सकाळी दारात ती काळी गाडी उभी. आता जुनी झालेली, पत्र्यावर बाभळीचे ओरखडे, सीटवर गोधडी.

"शेठनं पाठवली," म्हणाला. आणि मागून चौरंग काढून दाराशी ठेवला.

ती माझ्या खांद्याला धरून उभी होती. चौरंगाकडं बघितलं.

"हाच का वो तो?"

"हाव, माय," ड्रायव्हर म्हणाला.

"मंग माझा तपास बराबर होता," ती म्हणाली, आणि पाय ठेवून वर चढली. ओढा लागला तेव्हा तिनं माझा हात धरला होता, पण भीतीनं नाही. पोरीसारखी हसत होती.

पोलिसात मला शिकवलं होतं की गुन्हा कुणी केला ते शोधायचं. कुणासाठी केला, हे विचारायचं असतं, ते मला परातीपुढं बसलेल्या बाईनं शिकवलं. मी ते फार उशिरा शिकलो.

आजकाल रस्त्यात असली गाडी उभी दिसली की पोरं तिची ताकद विचारतात, किती पळते विचारतात. मी तिची पायरी बघतो. आणि गाडीत खाली ठेवायला काही आहे का, ते बघतो.